बंदी घालायला एक मान लागते

आपली चळवळ सध्या परक्याच्या ओसरीवर बसलेली आहे. ओसरी ऐसपैस आहे, भाडं नाही, वर पंखा फिरतोय, म्हणून कुणाला उठावंसं वाटत नाही. जयंतीची वर्गणी व्हॉट्सॲपवर. मोर्च्याची हाक व्हॉट्सॲपवर. ॲट्रॉसिटीच्या एफआयआरचा फोटो व्हॉट्सॲपवर, वकिलाचा निरोप व्हॉट्सॲपवर, आणि रात्री दोन वाजता कुठल्या तरी तालुक्यात कुणाच्या घरावर दगड पडले त्याची पहिली किंकाळीसुद्धा व्हॉट्सॲपवर. ओसरीच्या मालकाने उद्या दार लावलं, किंवा सरकारने त्याला लावायला लावलं, तर आपल्या शाखांना एकमेकांचे पत्ते तरी ठाऊक आहेत काय? मी हा प्रश्न पुष्कळ कार्यकर्त्यांना विचारला. उत्तर एकच : "तेव्हाचं तेव्हा बघू की राव."

तेव्हा काहीच बघता येत नसतं. तेव्हा सगळं बंद असतं. म्हणून आता बघा.

मी दिवसपाळीला आणि रातपाळीला दुसऱ्यांचे सर्व्हर सांभाळणारा कंत्राटी माणूस आहे. यंत्राची पूजा मला जमत नाही, कारण यंत्राच्या मागची तार कुणाच्या हातात असते ते मी रोज पाहतो. या विषयावर आपल्यात दोन पंथ झालेत. एक म्हणतो, सिग्नल टाका आणि निर्धास्त झोपा. दुसरा, बहुतेक इंग्रजी शिकलेला, म्हणतो, केंद्र म्हणजे पाप, विकेंद्रीकरण म्हणजे मोक्ष. दोघांनाही आपल्या वस्तीत काय घडतं याची फिकीर नाही. मला दोघांशी भांडायचंय. पण त्याआधी तिसऱ्याशी, जो म्हणतो की आपल्याला लपवायचंच काय आहे?

आपल्या बापजाद्यांचं काम काय होतं ते आठवा. महार वतनात मर्तिकाचा सांगावा परगावी पोचवायचा, सरकारी कागद एका चावडीवरून दुसऱ्या चावडीवर न्यायचा, उन्हातान्हात, अनवाणी. हजारो निरोप वाहिले आपण. आणि वाहणाऱ्याला त्यातलं अक्षर वाचता येऊ नये याची चोख व्यवस्था धर्माने केलेली होती. निरोप त्यांचा, पाय आमचे, डोळ्यांवर पट्टी. १९५८ च्या कायद्याने ती वतनं गेली. बाबासाहेबांनी त्यासाठी १९२८ सालीच मुंबई कौन्सिलात बिल आणलं होतं. तीस वर्षं लागली.

आता गंमत बघा. ज्याला 'एंड टू एंड एन्क्रिप्शन' म्हणतात ते नेमकं हेच आहे, फक्त उलटं. पाठवणाऱ्याच्या फोनात मजकुराला कुलूप लागतं, घेणाऱ्याच्या फोनात ते उघडतं. मधला जो वाहणारा, मग तो अमेरिकेतला अब्जाधीश असो, टॉवरवाली कंपनी असो की गृहखातं, त्याला अक्षर वाचता येत नाही. शेकडो वर्षं आम्ही न वाचता वाहिलं. आता त्यांनी आमचं वाहावं, न वाचता. यात एवढं बोंबलण्यासारखं काय आहे?

पण ते बोंबलतात. फेब्रुवारी २०२१ मध्ये केंद्र सरकारने माहिती तंत्रज्ञानाचे नवे नियम आणले. पन्नास लाखांवर वापरणारे असतील अशा निरोपाच्या कंपनीने, सरकारने विचारलं तर, एखादा निरोप पहिल्यांदा कुणी पाठवला ते सांगायचं, असा त्यातला एक नियम. व्हॉट्सॲप मे २०२१ मध्ये दिल्ली हायकोर्टात गेलं. एप्रिल २०२४ मध्ये त्यांच्या वकिलाने कोर्टात सांगितलं की कुलूप तोडायला लावलंत तर आम्ही जातो. टाळ्या वाजवू नका. जातो म्हणजे काय, तर ओसरीसकट जातो. आणि ओसरीवर कोण बसलंय?

"लपवायचं काय" म्हणणाऱ्याला मी एकच विचारतो : तू मत कुणाला दिलंस ते पाटलासमोर सांगशील काय? मतपेटी गुप्त का असते? चोरांसाठी? गुप्त मतदान हे मोलमजुराचं चिलखत आहे. ज्याच्या रानात उद्या कामाला जायचंय त्याला माझं मत कळता कामा नये, एवढी साधी गोष्ट. ज्याच्या हातात सत्ता आहे त्याला गुप्ततेची गरज नसते, त्याच्याकडे भिंती असतात, दिवाणखाना असतो, बंद गाडी असते. दहा बाय दहाच्या खोलीत सहा जण राहणाऱ्याकडे एक कुलूपबंद निरोपच असतो. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ ला खाजगीपणा हा मूलभूत हक्क आहे असं एकमताने सांगितलं. तेव्हा लाजायचं कारण नाही. हक्क आहे, भीक नाही.

आणि हे केवळ काश्मीरचं, इराणचं, चीनचं दुखणं आहे असंही समजू नका. मे २०१७ मध्ये सहारनपूरला शब्बीरपूरच्या दलितांची घरं जळल्यावर, दंगल पेटत राहिली तेव्हा, मोबाइल इंटरनेट तोडलं गेलं. २० मार्च २०१८ ला, महाडच्या सत्याग्रहाच्या दिवशीच, सर्वोच्च न्यायालयाने ॲट्रॉसिटी कायद्याचे दात काढणारा निकाल दिला. त्याविरुद्ध २ एप्रिलला भारत बंद झाला. पंजाबात बंदच्या आदल्या दिवशीच मोबाइल इंटरनेट बंद केलं. मध्य प्रदेशात ग्वाल्हेर, भिंड, मुरैना पट्ट्यात गोळ्या चालल्या, आपली पोरं मेली, आणि इंटरनेट तिथेही तोडलेलं. ज्याच्यावर गोळी चाललीय त्याचाच आवाज आधी तोडायचा, हा शांततेचा सरकारी अर्थ आहे. सहारनपूरनंतर ही तोडातोडी २०१७ च्या नियमांनी होऊ लागली आणि त्या नियमांचा बाप होता १८८५ चा टेलिग्राफ कायदा. इंग्रज गेला, त्याचा कायदा राहिला. २०२३ च्या नव्या दूरसंचार कायद्याखाली २०२४ मध्ये नियम नवे आले, कात्री तीच.

आता पहिल्या पंथाकडे वळू.

सिग्नल चांगलं आहे. मी वापरतो, तुम्हीही वापरा. नफा न कमावणारी संस्था चालवते, जाहिराती नाहीत, कुलूप इतकं पक्कं की व्हॉट्सॲपने २०१६ मध्ये सर्वांच्या निरोपांना लावलेलं कुलूप सिग्नलवाल्यांच्याच बनावटीचं आहे. फरक पाकिटाचा. व्हॉट्सॲपवर आतला मजकूर बंद, पण कोण कुणाला कधी किती वेळा लिहितो ते पाकीट कंपनीसमोर उघडं. सिग्नल पाकीटही जवळ ठेवत नाही. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या ग्रँड ज्युरीने त्यांच्याकडे माहिती मागितली तेव्हा द्यायला होत्या दोनच गोष्टी : खातं कधी उघडलं आणि शेवटचं कधी जोडलं गेलं. नसलेलं देता येत नाही. हे शिकण्यासारखं आहे.

पण सिग्नलला मान एकच आहे. त्याचे सर्व्हर एका संस्थेचे, आणि त्या संस्थेने भाड्याने घेतलेले. २० ऑक्टोबर २०२५ ला ॲमेझॉनच्या यंत्रांमध्ये अमेरिकेत बिघाड झाला आणि जगभर सिग्नल लुळं पडलं. बंदी नव्हती, पोलीस नव्हते, एका दुकानदाराच्या गोदामात दिवा गेला एवढंच. सिग्नलचे जनक मॉक्सी मार्लिनस्पाइक यांनी २०१६ मध्ये लिहून ठेवलंय की विकेंद्रित यंत्रणा गोठून जातात, जग पुढे जातं, केंद्र असेल तर सुधारणा झपाट्याने करता येते. मुद्दा खोटा नाही. एका दिवसात सगळ्यांच्या फोनात नवं कुलूप बसवता येतं ते केंद्रामुळेच. पण एका दिवसात सगळ्यांचे फोन मुके करता येतात तेही केंद्रामुळेच.

बंदी कशी येते ते नीट समजून घ्या. तिला दोन दारं आहेत. एक दार तारेवर : टॉवरवाल्यांना सांगायचं, या पत्त्यावर जाणारं काही सोडू नका. दुसरं दार दुकानावर : ॲपलला, गूगलला सांगायचं, दुकानातून हे काढा. चीनच्या हुकमावरून ॲपलने एप्रिल २०२४ मध्ये व्हॉट्सॲप, सिग्नल, टेलिग्राम आपल्या चिनी दुकानातून मुकाट्याने काढून टाकले. क्रांतिकारक चेहऱ्याच्या कंपन्या हुकूम आला की पहिल्या हाकेला उभ्या राहतात, कारण त्यांना तिथे फोन विकायचे असतात.

तारेवरच्या दाराचीही एक गोष्ट आहे. इजिप्तने २०१६ मध्ये सिग्नल अडवलं. सिग्नलने युक्ती केली : पाकिटावर गूगलचा पत्ता आणि आत सिग्नलचं पत्र. गूगल अडवल्याशिवाय सिग्नल अडवता येईना, आणि गूगल अडवायची छाती होईना. छान चाललं. मग २०१८ मध्ये गूगलने ही वाट बुजवली आणि ॲमेझॉनने खातं बंद करण्याची तंबी दिली. धंद्यापुढे इजिप्तचे कार्यकर्ते कोण लागून गेले? त्याच वर्षी रशियाने टेलिग्राम बंद करायला काढलं. टेलिग्राम ॲमेझॉन, गूगलच्या पत्त्यांमागे पळत राहिलं, आणि रशियन सरकारने त्याचा पाठलाग करताना एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास पत्ते बंद केले. दुकानं, खेळ, बँकांची कामं अडली, टेलिग्राम चालूच. जून २०२० मध्ये सरकारने बंदी उठवली. पण शहाणं सरकार पराभवातून शिकतं. ऑगस्ट २०२४ मध्ये रशियाने सिग्नल अडवलं, ऑगस्ट २०२५ मध्ये व्हॉट्सॲप आणि टेलिग्रामवरचे कॉल तोडले, आणि सप्टेंबर २०२५ पासून तिथे विकल्या जाणाऱ्या फोनांत 'मॅक्स' नावाचं स्वदेशी ॲप आधीच भरून देणं सक्तीचं केलं. परक्याची ओसरी मोडायची आणि लोकांना आपल्या चावडीत बसवायचं.

(जाता जाता : टेलिग्रामवर आपले बरेच जण 'सुरक्षित' म्हणून जातात. तिथल्या साध्या गप्पांना एंड टू एंड कुलूप नसतं. गटांना तर नसतंच. कंपनीच्या सर्व्हरवर सगळं वाचण्याजोगं पडलेलं असतं.)

आणि सिग्नलला नाव द्यायला हवा तो फोन नंबर. आपल्या देशात नंबर म्हणजे सिमकार्ड, सिमकार्ड म्हणजे ओळखपत्र, अंगठा, फोटो. नोव्हेंबर २०२५ मध्ये दूरसंचार खात्याने आदेश काढला की निरोपाची ॲपं फोनातल्या चालू सिमला बांधून ठेवा. म्हणजे खुंटीही सरकारची आणि दावंही सरकारचं.

आता दुसरा पंथ.

मे २०२३ मध्ये केंद्र सरकारने चौदा ॲपांवर बंदी घातली. कलम ६९ अ. कारण दिलं काश्मीरमधल्या दहशतवादाचं. या कंपन्यांचा इथे प्रतिनिधी नाही, असंही सांगितलं. त्या यादीत दोन नावं अशी होती की यादी करणाराच गोंधळला असावा : एलिमेंट आणि ब्रायर.

एलिमेंट हे एका भाषेचं तोंड आहे. भाषेचं नाव मॅट्रिक्स. ही भाषा कुणाच्या मालकीची नाही, कुणीही आपला सर्व्हर उभा करून ती बोलू शकतो, आणि एका सर्व्हरवरचा माणूस दुसऱ्या सर्व्हरवरच्याशी बोलू शकतो, ईमेलसारखं. सरकारने तोंड बंद केलं, पण भाषा बोलणारी दुसरी तोंडं यादीत नव्हती. आणि गंमत अशी की फ्रान्सच्या सरकारचं 'चाप' आणि जर्मन सैन्याचं निरोपाचं ॲप याच मॅट्रिक्सवर उभं आहे. सरकारांना स्वतःसाठी स्वतःचा सर्व्हर हवा असतो. आपल्याही सरकारने स्वतःच्या माणसांसाठी 'संदेश' केलं. तुमचं गुपित ते राष्ट्रीय सुरक्षा आणि आमचं गुपित तो दहशतवाद, ही वर्णव्यवस्था आम्ही ओळखतो.

ब्रायरची तऱ्हा आणखी वेगळी. त्याला सर्व्हरच नाही. इंटरनेट असेल तर टॉरच्या आडवाटेने, नसेल तर ब्लूटूथने किंवा वायफायने, फोनातून थेट फोनात. नंबर मागत नाही. ॲपसुद्धा एका फोनातून दुसऱ्यात देता येतं, दुकानाची पायरी चढावी लागत नाही. त्याचा प्रतिनिधी कुठून आणणार? नेमणार कोण आणि कुणाच्या वतीने?

बंदी घालायला एक मान लागते. नोंदणी करा, प्रतिनिधी नेमा, कार्यालय उघडा, हे सगळं त्या मानेच्या शोधात चाललेलं असतं. नेपाळने ४ सप्टेंबर २०२५ ला सव्वीस ॲपं एका फटक्यात बंद केली, फेसबुक, व्हॉट्सॲप, सिग्नल सगळी. कारण काय तर नोंदणी केली नाही. ८ तारखेला पोरं रस्त्यावर आली, नुसत्या ॲपांसाठी नव्हे, भ्रष्टाचाराने किटलेली होती म्हणून. पहिल्याच दिवशी एकोणीस जण गोळीबारात मेले, रात्री बंदी उठली, दुसऱ्या दिवशी पंतप्रधान ओली यांनी राजीनामा दिला. हंगामी पंतप्रधान कोण हवा यावर पोरांनी खल केला तो डिस्कॉर्डवर, म्हणजे त्या सव्वीसातल्याच एका ॲपवर.

इथवर विकेंद्रीकरणवाले खूष झाले असतील. आता त्यांचं ऐकून घ्यायची पाळी.

मित्रांनो, 'विकेंद्रीकरण' हा शब्द आम्हाला नवा नाही. त्याचा वास आम्ही ओळखतो. खेड्याकडे चला, खेडं स्वयंपूर्ण, पंचायत राज्य करील. बाबासाहेबांनी ४ नोव्हेंबर १९४८ ला घटना समितीत या खेडेप्रेमाचा मुखवटा टराटरा फाडला. खेडं म्हणजे अज्ञानाचं, संकुचितपणाचं, जातीयवादाचं डबकं, हे त्यांनी तोंडावर सांगितलं आणि घटनेचा एकक खेडं न धरता व्यक्ती धरली याबद्दल समाधान मानलं. दिल्ली लांब होती म्हणून कधी कधी न्याय मिळाला. पाटील जवळ होता म्हणून कधीच मिळाला नाही. तेव्हा केंद्र मोडलं की आपोआप मुक्ती आली, असं आम्हाला कुणी शिकवू नये.

स्वतंत्र सर्व्हर म्हणजे काय? एक छोटं गाव. आणि त्याचा जो ॲडमिन, तो गावचा पाटील. कोण कुणाशी बोलतं, कोणत्या खोलीत कोण बसतं, रात्री किती वाजता, ते पाटलाला दिसतं. मॅट्रिक्समध्ये मजकुराला कुलूप असलं तरी ही वर्दळ सर्व्हरवर नोंदली जाते. पाटलाच्या मनात आलं तर तुम्हाला गावाबाहेर काढेल. पोलीस त्याच्या दारात आले तर तो कंपनीसारखा वकिलांची फौज उभी करणार नाही, बिचारा डबा घेऊन कामाला जाणारा पोरगा असेल, पहिल्या थपडेत पासवर्ड देईल. त्याला दोष देऊन काय उपयोग?

शिवाय विकेंद्रीकरण कागदावर राहतं आणि माणसं पुन्हा एकाच झाडाखाली गोळा होतात. ईमेल कुणाचाच नव्हता, आज बहुतेक सगळे जीमेलवर आहेत. जॅबर नावाची खुली भाषा १९९९ पासून आहे. गूगलने आपलं बोलणं त्या भाषेत सुरू केलं, माणसं जमवली, आणि २०१३ मध्ये नव्या ॲपात ती भाषाच टाकून दिली. मॅट्रिक्सचंही तसंच : सर्वांत मोठा सर्व्हर एकच, आणि एप्रिल २०१९ मध्ये तो फोडला गेला तेव्हा झाडून सगळे बाहेर फेकले गेले. किल्ल्या जपून न ठेवलेल्यांचे जुने निरोप कायमचे गेले.

आणि मोर्च्यात ब्लूटूथ चालवणाऱ्या ॲपांचा जो बोलबाला होतो त्याच्याही मागे धावू नका. हाँगकाँगच्या आंदोलनात २०१९ मध्ये ब्रिजफाय गाजलं. २०२० मध्ये लंडनच्या संशोधकांनी दाखवून दिलं की त्यात कोण कुणाशी बोलतं ते कळतं, निरोप वाचता येतात, बदलता येतात. म्हणजे गर्दीच्या मध्यभागी उघडं पोस्टकार्ड. जॅक डॉर्सीने जुलै २०२५ मध्ये बिटचॅट आणलं. बाहेरच्या जाणकारांनी ते तपासलेलं नाही, असा इशारा सुरुवातीला खुद्द त्यानेच दिला होता. तरी नेपाळमध्ये ते धडाधड उतरवलं गेलं. गोळी समोर असताना माणूस मिळेल ते हत्यार उचलतो, हे मला समजतं. पण आपण आज उचलतोय, तपासून उचलू.

मग काय, केंद्रही वाईट आणि गावही वाईट? नाही. बाबासाहेबांनी खेड्याला शिव्या देऊन थांबणं पत्करलं नाही. त्यांनी सांगितलं, गाव सोडा. सोडता येणं ही मुक्तीची पहिली अट. विकेंद्रित यंत्रणेची माझ्या लेखी खरी किंमत हीच. व्हॉट्सॲप सोडलं की माणसं सुटतात, म्हणून कुणी सोडत नाही, आणि मालकाला हे ठाऊक आहे. मॅट्रिक्सवर एक पाटील माजला तर दुसऱ्या सर्व्हरवर नवं खातं उघडायचं आणि त्याच माणसांशी तिथून बोलायचं. एक सर्व्हर पाडला तर त्या खोलीचं बोलणं दुसऱ्या सर्व्हरांवर जिवंत असतं. आणि कुलूप असल्यामुळे पाटील कितीही माजला तरी अक्षर त्याला वाचता येत नाही. सोडता येणं आणि वाचता न येणं, या दोन अटी ज्या यंत्रणेत पुऱ्या होतील ती आपली. मग तिचं नाव काहीही असो. केंद्र की विकेंद्र हा वाद या दोन अटींनंतरचा.

एक गोष्ट मात्र कुठलंच कुलूप करू शकत नाही. ते फोनाच्या आत शिरलेल्याला अडवू शकत नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये व्हॉट्सॲपने जाहीर केलं की पेगॅससने जगभरातल्या सुमारे चौदाशे जणांचे फोन लक्ष्य केले. त्यात आपल्याकडचे वकील, कार्यकर्ते, प्रा. आनंद तेलतुंबडे होते. १४ एप्रिल २०२० ला, बाबासाहेबांच्या जयंतीला, तेलतुंबड्यांना तुरुंगात जावं लागलं. जामीन मिळायला नोव्हेंबर २०२२ उजाडला. भीमा कोरेगावच्या त्याच खटल्यात रोना विल्सन यांच्या लॅपटॉपवर बाहेरून घुसून फायली पेरल्या होत्या, असं अमेरिकेतल्या आर्सेनल कन्सल्टिंगचा फेब्रुवारी २०२१ चा अहवाल म्हणतो. म्हणजे तुमचं पत्र वाचण्याची गरजच नाही, तुमच्या नावाने पत्र लिहूनच ठेवता येतं. आणि याहून स्वस्त हत्यार जुनंच आहे : पाचशे जणांच्या गटातला एक खबऱ्या आणि त्याचा स्क्रीनशॉट. पाचशे जणांत गुपित नसतं. पाचशे जणांत सभा असते. सभेत सभेसारखं बोला.

आता कामाचं.

रोजच्या बोलण्याला, वकिलाशी, पीडित कुटुंबाशी, सिग्नल. निरोप आपोआप पुसले जातील असं लावून. आजपासून. ज्या शाखेत यंत्र कळणारी दोन पोरं आहेत तिथे आपला मॅट्रिक्स सर्व्हर, आणि एकाच शहरात नको : मुंबईत एक, नागपुरात एक, औरंगाबादेत एक. खर्च वर्गणीतून, हिशेब सगळ्यांसमोर, ॲडमिन दर वर्षी बदलायचा, आणि त्याच्यावर एकट्यावर किल्ली ठेवायची नाही. पाटीलकी वंशपरंपरेने चालायची तशी ॲडमिनकी आपल्यात चालणार नाही. ब्रायर ज्यांच्या अँड्रॉइड फोनात चालतं त्यांनी ते आधी टाकून, एकमेकांना समोरासमोर भेटून जोडून ठेवायचं. सहारनपूरसारखी रात्र आली की टाकायला इंटरनेट नसेल. ब्लूटूथ पाच-दहा मीटर चालतं, पण ब्रायरच्या फोरमवरचा मजकूर खिशातल्या फोनांतून एका गल्लीतून दुसऱ्या गल्लीत चालत जातो. जलशातलं गाणं असंच गेलं होतं, वहीतून वहीत, तोंडातून तोंडात. ते बंद करायला कोणत्या कलमाखाली कुणाच्या घरी गेले असते?

आणि शेवटी पाय. तालुक्यातल्या प्रत्येक शाखेचा पत्ता आणि दोन माणसांची नावं कागदावर, डोक्यात, प्रत्यक्ष ओळखीत. बाप सांगावा घेऊन चालला तो दुसऱ्याचा होता. हा आपला.

१९२० मध्ये 'मूकनायक'ची जाहिरात पैसे देऊनही 'केसरी'ने छापली नाही. बाबासाहेबांनी केसरीच्या दारात उपोषण केलं नाही. त्यांनी मूकनायक काढला, मग 'बहिष्कृत भारत', मग 'जनता', मग 'प्रबुद्ध भारत'. छापखाना आपला केला. हे आपण अभिमानाने सांगतो. पण त्याचा पुढचा भागही सांगितला पाहिजे : २५ जून २०१६ च्या पहाटे दादरचं आंबेडकर भवन आणि त्यातला बुद्धभूषण छापखाना पाडला गेला. ट्रस्टचा वाद काय होता तो असो. एका रात्रीत, एका जागेवर, सगळं ढिगाऱ्यात गेलं. आपल्या मालकीचं केंद्र हेसुद्धा एकच मान असतं.

मूकनायकाचे अंक मात्र वाचले, कारण ते शंभर घरांतल्या शंभर पेट्यांत होते. कुठल्या सरकारने, कुठल्या मालकाने, कुठल्या ट्रस्टीने त्या सगळ्या पेट्या एका रात्रीत फोडल्या असत्या?

तेव्हा ओसरीवरून उठा. मालकाला शिव्या देत बसू नका, त्याच्या पायाही पडू नका. उठा आणि शंभर पेट्या तयार करा.

जयभीम.